नळीतलं तेल

लॉरेल फोर्क, केंटकी
११ ऑगस्ट २०२४, रविवार

आर्विल,

समेटासाठी लिहितोय असं वाटून घेऊ नकोस. मला ती नळी हवी आहे. नळी, घोडा, चाप, जे काही लोखंड तू ओहायोला जाताना घेऊन गेलास ते सगळं.

काय म्हणतोय ते आठवतंय ना? लायलच्या अठराव्या वाढदिवसासाठी आपण दोघा भावांनी मिळून ठासणीच्या रायफलचा संच मागवला होता. सुटे भाग खोक्यातून आले होते, जोडायचे घरी. लाकूड माझं, लोखंड तुझं, अशी वाटणी झाली. मग तो ऑक्टोबर आला आणि वाटणी तशीच राहिली. दस्ता माझ्याकडे, नळी तुझ्याकडे डेटनला. अकरा वर्षं झाली.

गेल्या रविवारी लायल मागच्या खोपीत आढ्यावर काहीतरी शोधत होता. गोणपाटात गुंडाळलेला दस्ता त्याच्या हाताला लागला. तो घेऊन सरळ स्वयंपाकघरात आला आणि टेबलावर ठेवला.

"बाबा, हा माझाच ना?"

"तुझाच."

"मग पुरा कर. पाच ऑक्टोबरच्या नेमबाजीला मी उतरणार आहे."

ग्लेनाच्या हातातून मक्याच्या पावाचं भांडंच निसटलं. लायलच्या हाताचं ते झाल्यापासून त्याने बंदूक उचललेली नाही. नेमबाजीच्या क्लबात पोरांना सुरक्षिततेचे धडे देतो, पण स्वतः कधी नेम धरत नाही. अठ्ठावीस वर्षांचा झाला, आई-बापाने काय नाही म्हणायचं? मी म्हटलं, दुसरी नळी मागवू. तर म्हणतो, "कशाला? काकाकडे आहे ती चालेल. लोखंडाचा काय दोष."

ऐकलंस? तुझ्याबद्दल असं बोलतो तो. तेव्हा टपालाने पाठवून दे. स्वतः यायची गरज नाही.

डेन्झिल


२५ ऑगस्ट, रविवार

आर्विल,

उत्तर नाही. मला माहीतच होतं. लहानपणी रुसून कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन बसायचास, अजून तसाच आहेस.

पण मी काम थांबवलेलं नाही. लाकूड बघायला हवं होतंस. कोपऱ्याकोपऱ्यातून पट्टे उठलेत, असा मेपल आता त्या पैशात मिळत नाही. कानस मारून झाली, काचकागदाने घासून झालं. आता बाबांच्या पद्धतीने चाललंय. ओलं फडकं फिरवायचं, शेगडीजवळ वाळवायचं, लाकडाची कुसं उभी राहिली की हलक्या हाताने उडवायची. परत ओलं फडकं. बाबा म्हणायचे, कुसं उठायची थांबेपर्यंत थांबायचं नाही. माझी चार वेळा झाली, अजून हाताला लागतात.

पुढचा भाग, जिथे डावा हात धरतो, तो मला बारीक करावा लागला. कितपत बारीक, ते कळायला लायलला समोर उभं केलं. अंगठा आणि दोन बोटं, एवढ्यात त्याला रायफलचं वजन तोलायचंय. तो धरायचा, मी पेन्सिलीने खूण करायचो, थोडं उतरवायचो, परत त्याच्या हातात द्यायचो. असं दुपारभर चाललं. त्याचा हात इतक्या जवळून, इतका वेळ मी कधी पाहिला नव्हता. वीज कंपनीत खांबावर चढायची नोकरी ठरली होती रे त्याची. आता मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरमागे उभा असतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर म्हणतो, "लाकडाचा भुसा गेला का?" आणि हसतो. त्याचं हसणं मला बघवत नाही.

एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल, म्हणून मीच सांगतो. आपल्या क्लबात आता तुझ्या नावाचं क्रियापद झालंय. ठिणगी पाडणारी टोपी फुटूनही बार निघाला नाही आणि एखाद्याने मिनिटाच्या आत नळी खाली केली, की मागून सगळे ओरडतात, "ए, आर्विल करू नकोस!" ज्या पोरांनी तुला कधी पाहिलं नाही तीही ओरडतात. लायलनेच त्यांना शिकवलंय. दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी तो हात वर करून दाखवतो आणि म्हणतो, हे माझ्या काकाने केलं, त्याला एक मिनिट धीर धरवला नाही.

मी तिथेच असतो. सहा वर्षांपासून मैदानावर शिस्त राखायची शिट्टी माझ्याकडे आहे. मी शिट्टी वाजवतो आणि गप्प उभा राहतो.

हे तुला का सांगितलं, कळत नाही. नळी पाठव.

डेन्झिल


८ सप्टेंबर, रविवार

आर्विल,

खोकं गुरुवारी आलं. मी घरी नव्हतो. लायलने उघडलं.

तुला काय सिद्ध करायचं होतं? अकरा वर्षांत एक ओळ नाही, आणि लिहिलंस तर नळीला बांधलेल्या कागदाच्या चिटोऱ्यावर, आणि तेही सहा-सात शब्द. "नळीत तेल आहे. या वेळी टोप्या फोड."

मी आलो तेव्हा लायल पायरीवर बसला होता. नळी मांडीवर. तू तिला दिलेला तपकिरी रंग छान उतरलाय, ते मान्य करतो. चिटोरा त्याच्या हातात होता.

"बाबा, 'या वेळी' म्हणजे काय?"

"म्हणजे काय म्हणजे? तेल आहे, भरण्याआधी दोन टोप्या नुसत्या फोडून वाट मोकळी करा. पोरांना तूच शिकवतोस की."

"ते ठाऊक आहे. 'या वेळी' का लिहिलंय? त्या दिवशी कुणी फोडल्या नव्हत्या का?"

"एवढं जुनं कोण लक्षात ठेवतंय? तुझा काका म्हातारा झालाय, काहीही लिहितो."

त्याने चिटोरा परत एकदा वाचला. मग चिटोरा घडी करून खिशात घातला. फेकला नाही, खिशात घातला. तेव्हापासून माझी झोप गेली आहे. जेवताना तो मान वर करतो की मी ताटात बघतो. ग्लेना विचारते, "तुझं काय बिनसलंय?" मी म्हणतो, दाढ दुखतेय. तर तिने लवंगतेलाची बाटली आणून समोर ठेवली.

शुक्रवारी दस्ता रंगवायला घेतला. लोखंड विरघळवलेलं तेजाब लावलं, लाकूड हिरवट-करडं झालं. मग शेगडीच्या धगीवर फिरवलं तसे पट्टे एकदम पेटून उठले. लायलसुद्धा शीळ घालून "वा!" म्हणाला. आणि तेवढ्यात घोड्याच्या मागे, अंगठ्याच्या पेराएवढा, पांढरट डाग दिसायला लागला. सगळं लाकूड लालसर आणि तेवढाच भाग फिक्कट.

तुला आठवत असेल. तेव्हाच तू विचारलं होतंस, "इथे काय झालंय?" मी म्हणालो होतो, लाकडातच गाठ आहे. गाठबीठ काही नव्हती. माझी पटाशी घसरली होती. भुसा आणि सरस कालवून मी खड्डा बुजवला आणि वरून घासून टाकला. सरसावर रंग चढत नाही, हे मला ठाऊक होतं. पण तेव्हा रंगवायची वेळ लांब होती.

तर ते एक मान्य करतो. पटाशी माझ्या हातून घसरली होती.

आणखी काही मान्य करायचं असेल तर ते मी माझ्या वेळेला करीन. तू चिटोरे पाठवून माझ्याकडून काढून घेऊ नकोस. माझा मुलगा माझ्या घरात राहतो. तुला मुलंबाळं नाहीत, तुला नाही कळायचं.

डेन्झिल


१५ सप्टेंबर, रविवार

आर्विल,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मागे घेतो. ते लिहायला नको होतं.

हे पत्र टाकीन की शेगडीत घालीन, अजून ठरलेलं नाही.

घाईत मी जवसाच्या तेलाचा पहिलाच हात जाड दिला. चार दिवस वाळलं नाही, बोट लावलं तर चिकटायचं. सगळं पुसलं, खरडलं, पुन्हा पहिल्यापासून. बाबा असते तर कान धरला असता. तळहातावर चार थेंब घ्यायचे, लाकूड कोमट होईस्तोवर चोळायचं आणि दिवसभर हात लावायचा नाही. सगळं येतं मला. या महिन्यात हात ऐकत नाहीत, एवढंच.

त्या दिवसाचं लिहितो. तुला ठाऊकच आहे, पण माझ्या हातचं लिहिलेलं कुठेतरी असायला हवं.

बाबांची जुनी रायफल मैदानावर मी आणली होती. वसंतात साफ करून, तेल पाजून मी ती भिंतीशी उभी केली होती. तोंड वर, बूड खाली. सहा महिने. तेल ओघळून कुठे जाणार? बुडात, जिथे दारू बसते तिथे. बाबा भरण्याआधी दोन टोप्या फोडायला लावायचे, नळीचं तोंड गवताच्या पात्याजवळ धरून. पातं हललं तर वाट मोकळी. न बघता भरली तर बंदूक काढून घ्यायचे आणि दिवसभर परत द्यायचे नाहीत. आपण दोघांनी त्यांच्याकडून किती बोलणी खाल्ली आहेत.

त्या दिवशी मी टोप्या फोडल्या नाहीत. आपली पाळी पुकारली होती आणि मी तिकडे बढाया मारत उभा होतो, की बक्षीस म्हणून कापून वाटतात त्या बैलाचं मागचं तंगडं यंदा आमच्याच घरी जाणार. धावत आलो, दारू ओतली, गोळी ठासली आणि बंदूक तुझ्या हातात दिली. तू विचारलंस, "टोप्या फोडल्यास ना?"

मी म्हणालो, "फोडल्या."

तू चाप ओढलास. टोपी फुटली, बार निघाला नाही. तू नेम धरून उभा राहिलास. तुझे ओठ मला दिसत होते, तू वीसपर्यंत मोजलंस. मग नळी खाली केलीस आणि ठिणगी आत जाते ते भोक साफ करायला सुई मागितलीस. लायलने सुई पुढे केली आणि आधाराला डावा हात नळीच्या तोंडावर ठेवायला गेला. ओली दारू आत धुमसत होती. तिने तेवढ्यात पेट घेतला.

वीसला थांबलास, साठपर्यंत मोजलं नाहीस, ही तुझी चूक आहे. ती मी पुसणार नाही. पण तू वीसला का थांबलास, ते मला ठाऊक आहे. मी "फोडल्या" म्हणालो होतो, म्हणून. वाट मोकळी आहे, दारू कोरडी आहे, नुसतं भोक तुंबलं असेल, असं तुला वाटलं. मी खरं सांगितलं असतं तर तू हललाही नसतास. तुला मी ओळखतो.

आणि मी पहिलं काय केलं? पोराच्या हाताला फडकं बांधायच्या आधी मी तुझ्याकडे बोट केलं. "नळी खाली केलीस! माझ्या पोराला लुळा केलास!" शंभर माणसांनी ऐकलं. क्लबाने तुला कायमचं काढलं. ओढ्यापलीकडचं घर विकून तू गेलास आणि मी खिडकीत उभा राहून तुझा ट्रक जाताना पाहिला.

"मी त्याला विचारलं होतं," एवढंच बोलायचं होतंस. तू नाही बोललास. का रे नाही बोललास? तेव्हा मला वाटलं, घाबरून विसरला असेल. मी देवाचे आभार मानले. चर्चमध्ये बसून खरोखर मानले, याची आज मला लाज वाटते.

आता भीती एकच आहे. हे कळल्यावर लायल या घरात राहणार नाही.

डेन्झिल


२३ सप्टेंबर, सोमवार

आर्विल,

मागचं पत्र टाकलं. पेटीत पडल्यावर हात घालून परत काढायला बघत होतो, तर टपालवाली बाई म्हणाली, "काय हो, उंदीर शोधताय का?" तेव्हा घरी आलो.

परवा शनिवारी लायलला सांगितलं.

ग्लेना अंगणात सफरचंदाचा मुरंबा घोटत होती, तांब्याच्या मोठ्या कढईत. मी आणि लायल पडवीत दस्ता घेऊन बसलो होतो. तिसरा हात चालला होता. तो चोळत होता, त्या तीन बोटांनी. तेलाची फडकी मी कुंपणावर पसरत होतो, चुरगळून ठेवली तर आपोआप पेटतात म्हणून. पाठ त्याच्याकडे होती. तोंडाकडे बघून माझ्याने बोलवलं नसतं.

"लायल, त्या दिवशी मी टोप्या फोडल्या नव्हत्या."

चोळण्याचा आवाज थांबला.

"काकाने विचारलं होतं?"

"हो."

"तू काय म्हणालास?"

"फोडल्या म्हणालो."

"आणि काकाला हे ठाऊक होतं? एवढी वर्षं?"

"त्या चिटोऱ्यावरून तरी तसंच दिसतंय."

मला वाटलं ओरडेल. दस्ता माझ्या डोक्यात घातला असता तरी मी काही म्हणालो नसतो. तो अगदी हळू बोलला. "मी पोरांना शिकवतोय, बाबा. दर महिन्याला. हा हात वर करून काकाचं नाव घेतोय. तू शिट्टी गळ्यात घालून तिथे उभा असायचास." मग दस्ता खुंटीवर नीट अडकवला, हात पुसले आणि गेला. ट्रकचं दारसुद्धा आपटलं नाही. तो दुकानाच्या माडीवरच्या खोलीत राहायला गेलाय.

ग्लेनाने कढईखालचा जाळ विझवला. अर्धा कच्चा मुरंबा तसाच टाकला. तिने मला एवढंच विचारलं, "माझ्यासमोर बसून जेवत होतास ना रे, रोज, हे पोटात ठेवून?" काल रात्रीपासून ती बहिणीकडे आहे. येईल. येईल असं म्हणते आहे.

तू का बोलला नाहीस, त्याचा विचार करतोय. पोराला हात तर राहिला नाही, निदान बाप राहू दे, असं काही तुझ्या मनात होतं का? तसं असेल तर तू चूक केलीस, आर्विल. मी त्या लायकीचा नव्हतो.

घर रिकामं आहे. काल मी चौथा हात द्यायला उठलो, तर दस्ता ओला होता. मी चर्चला गेलो असताना कुणीतरी येऊन तेल चोळून गेलं होतं. अगदी पातळ हात, बाबांसारखा. आजही तसंच झालं. मी दुपारी मुद्दाम बाहेर गेलो आणि ओढ्याकाठी तासभर बसून आलो.

तुझा,
डेन्झिल


५ ऑक्टोबर, शनिवार, सकाळ

आर्विल,

हे पत्र टपालाने येत नाहीये. लायलच्या हातात देतोय. त्याने ते तुझ्यापर्यंत आणलं असेल तर तू आता वाचत असशील आणि तो तुझ्या दारात उभा असेल. त्याला उभं ठेवू नकोस. माझा राग त्याच्यावर काढू नकोस. त्याला दालचिनीचे गोड रोल आवडतात, अजूनही.

मंगळवारी क्लबाच्या सभेत उभा राहिलो. सगळं सांगितलं, तेलापासून बोट करण्यापर्यंत. मी शिट्टी गळ्यातून काढली आणि टेबलावर ठेवली, ती कुणी परत केली नाही. तुझी बंदी उठवली. मला जानेवारीपर्यंत मैदानावर यायचं नाही असं ठरलं. जानेवारीनंतर तरी कुठल्या तोंडाने जाणार? शेवटी एक पोरगा मागून म्हणाला, "मग आता नळी खाली केली तर आम्ही काय ओरडायचं?" लायल खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, "नळी खाली करू नकोस, असं ओरडायचं. माणसाचं नाव कशाला?"

काल संध्याकाळी तो घरी आला. तेरा दिवसांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलला. "काकाचा पत्ता दे."

आम्ही दोघांनी मिळून रायफल जोडली. तुझी नळी माझ्या लाकडात केसभर फट न ठेवता बसली, अकरा वर्षं दोन राज्यांत राहून. सहा हात तेल झालंय, त्यातले तीन त्याचे. घोड्यामागचा पांढरा डाग तसाच आहे. मी म्हटलं, खरडून परत बुजवतो, वरून थोडा रंग देतो, कुणाला दिसायचा नाही. तो म्हणाला, "राहू दे." मी हात मागे घेतला.

मग अंगणात त्याने नळी पुसली आणि दोन टोप्या फोडल्या. दोन्ही वेळा गुडघ्यावर बसून पात्याकडे बघत होता. मी शेजारी वाकलो होतो. पातं हललं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, पण उठताना माझा गुडघा धरला तेव्हा माझ्या कोपराला हात दिला. डावा हात.

आज टेकडीपलीकडून बार ऐकू येताहेत. नेमबाजी सुरू झाली. लायल तिकडे जात नाहीये. म्हणतो, पहिला बार काकाने काढायचा, मग मी, आणि तो ओहायोतच. चिटोरा त्याच्या पाकिटात आहे. तुला दाखवून काहीतरी विचारायचंय म्हणतो. काय ते मी विचारलं नाही.

तू परत ये असं मी म्हणणार नाही. मला माफ कर असंही म्हणत नाही. तुझ्या जागी मी असतो तर केलं नसतं. फक्त लायलला रविवारी परत पाठवताना आमच्याकडे पाठव. दुकानाच्या माडीवर नको. जमलं तर.

रायफल रिकामी आहे. ठासायचा गज नळीत तळापर्यंत टाकून, त्याच्यावरची रिकाम्या नळीची खूण तोंडाशी बरोबर येते का ते मी पाहिलंय. तरी ती हातात घेण्याआधी तू स्वतः गज टाकून बघ. माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

तुझा भाऊ,
डेन्झिल